निळीची कोरडी आंघोळ

९ मार्च ९७, रविवार

आली एकदाची! काष्टीच्या बाजारातून बैल आणावा तशी हार घालून आणली, पुढं हलगी तेवढी नव्हती. जुनी आहे. मागचं एक दार आतून उघडत नाही आणि हॉर्नला सर्दी झालीय. पण रंग निळा! आमच्या गल्लीतली पहिली मोटार, आणि तीसुद्धा निळी. नाव ठेवायची गरजच पडली नाही. सगळे निळीच म्हणायला लागले.

ड्रायव्हरसाहेब (रोज एवढं लांब लिहायचा कंटाळा, पुढं नुसतं ड्रा.सा.) जेवले नाहीत नीट. दोन घास खाल्ले की उठून बाहेर. उभा जन्म या माणसानं साखर कारखान्याच्या साहेबाची गाडी धुतली. पहाटे पाइप लावायचा, साबणाचा फेस, वर पुसून कोरडी. थंडीत बोटं फुटायची. आज रिटायर झाल्यावर स्वतःच्या गाडीवर हात फिरवत मला म्हणाले, "शकू, हिला धुताना मला आतनं कुनी हाक मारनार न्हाई."

मी चहाचं निमित्त करून आत गेले. रडू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा माणूस असं काहीतरी बोलतो आणि मग शेंगा खात बसतो.

१२ मार्च, बुध

पहाटे बादलीचा आवाज. बघते तर ड्रा.सा. आपल्याच टिपाडातून बादली भरून निघालेत. खांद्यावर टॉवेल, तोंडानं शीळ. मी दारात आडवी.

ठराव कुणाचा? माझा. राखीव जागेवर निवडून आल्यापासून ग्रा.सभेत पहिल्यांदा तोंड उघडलं ते गेल्या महिन्यात, त्या ठरावासाठी. टँकर चालू आहेत तोवर त्या पाण्यानं कुणीही गाडी, जीप, ट्रॅक्टर धुवायचा नाही. वरच्या आळीला टँकर आधी लागतो. तिथं जिपा धुवायच्या आणि आमच्या टोकाला यायचा तो गाळ. सगळं बोलले. हात सगळ्यांनी वर केले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि आता मेंबरचाच नवरा बादली घेऊन.

म्हणाले, एकच बादली. मी म्हटलं, एक थेंब नाही. मग बादली हळूच टिपाडात परत ओतली, झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं तशी. मला कडक सलाम ठोकला, "व्हय मेंबर," म्हणाले आणि गेले. संध्याकाळपर्यंत बोलणं बंद. पिठलं मात्र दोनदा मागून घेतलं.

१६ मार्च, रवि

पाण्याशिवाय गाडी स्वच्छ कशी निघेल याचा घरात अभ्यास चालू आहे. परीक्षा जवळ आल्यासारखा.

लाकडाचा भुसा झाला. भुसा खिडक्यांच्या रबरात जाऊन बसला, अजून निघतोय. मग फडक्याला रॉकेल. दुपारपर्यंत काय चमकली! दुपारी वारा सुटला आणि फुफाटा असा चिकटला की राखेत लोळलेलं गाढव बरं. कुणीतरी ताक सांगितलं. मी म्हटलं, ताक मी पिते, गाडीला दुसरं बघा.

संध्याकाळी जयंती कमिटीची पोरं आली. दर वर्षी मिरवणुकीत फोटो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असतो. औंदा निळीत ठेवू म्हणाले. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत ड्रा.सा. हो म्हणून बसले. मग त्यांनी गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी कडुनिंबाकडं बघत बसले.

चौदा एप्रिल. टँकर काही तोवर बंद होत नाहीत. आणि फोटो काय धुळीच्या गाडीत ठेवायचा?

२२ मार्च, शनि

करुणा आली पुण्याहून, होळीच्या सुट्टीला. लेकीच्या पिशवीत नेहमी माझ्यासाठी काहीतरी असतं. या वेळी फक्त दादांसाठी, म्हणजे बापासाठी! एक पिचकारीची बाटली. तिच्या हापिसातल्या मैत्रिणीचा भाऊ दुबईला असतो, त्यानं आणली. आत केशरी पाणी, वास संत्र्याचा. वरचं इंग्रजी करुणानं वाचून सांगितलं. आधी धूळ हलक्या हातानं उडवायची. मग फवारा. एका फडक्यानं पुसायचं, दुसऱ्यानं चमकवायचं. पाणी लागतच नाही म्हणे.

ड्रा.सां.नी चारदा विचारलं, "पान्याबिगर?" चार वेळा करुणा हो म्हणाली. पाचव्यांदा माझ्याकडं वळले. मला काय विचारता, मी काय दुबईची आहे?

मला तर पुण्याचं फॅड वाटतंय. पण लेकीनं ठरावही सांभाळला आणि बापही. हुशार आहे. माझ्यावर गेलीय.

२३ मार्च, रवि

चूक माझी. फॅड नाही.

सकाळी बॉनेटवर पहिला फवारा ड्रा.सां.नी मारला. खिरीत मीठ टाकतात तेवढाच. पुसलं. खालून जो निळा निघाला! दारातलं माझं शिलाई मशिन त्यात उलटं दिसलं, वरच्या तुळईसकट. ड्रा.सां.नी त्यात स्वतःचं तोंड बघून मिशी नीट केली. मग माझं तोंड बघायला लावलं. मग करुणाचं. तिघंही वेड्यासारखे एका बॉनेटवर वाकलेलो. शेजारीण विचारत होती काय हरवलं म्हणून.

दुपारपर्यंत पुरी गाडी झाली. एक थेंब पाणी नाही. ड्रा.सां.नी घाम पुसला तोही गाडीपासून लांब जाऊन.

बाटली आता कपाटात, माझ्या बोरमाळेशेजारी. किल्ली त्यांच्याकडं.

२७ मार्च, गुरु

आज घरात सुतक.

फडकी कमी पडली म्हणून ड्रा.सां.नी माझ्या मशिनखालच्या टोपलीतून एक चिंधी उचलली. मऊ रुबियाची, छान. माझ्या गिऱ्हाइकाच्या, भागाआक्काच्या जुन्या ब्लाऊजची पाठ. त्याला एक हूक तसाच होता. बॉनेटच्या मधोमध, इथून तिथपर्यंत रेघ!

ते म्हणतात टोपलीत हूकवाली चिंधी ठेवलीस कशाला. मी म्हणते टेलरच्या टोपलीत हूक नसेल तर काय गुलाबजाम असेल? बघून घ्यायचं. चांगलं तासभर भांडलो. शेवटी ते बॉनेटशी जाऊन बसले आणि रेघेवर बोट फिरवत राहिले. मला कसंतरीच झालं. करुणाची नेलपॉलिश राहिली होती, तीही निळी (पोरी काय काय लावतात!). काडीनं भरली रेघ. लांबून कळत नाही. जवळून कळतं, पण जवळ येऊ कुणाला द्यायचं?

आता प्रत्येक चिंधी मी आधी गालाला लावून बघते. ड्रा.सा. हसतात. हसू देत.

२ एप्रिल, बुध

आज फार लागलं मनाला. लिहिते तशीच.

टँकर उशिरा आला आणि अर्धाच. वरच्या आळीनं भरलं तोवर तळ. रांगेत मी हंडा घेऊन उभी, समोर भागाआक्का, आणखी एक हंडा भरायला आमच्या टोकाला आलेली. वरच्या आळीची, दोन म्हशी, घसा असा की टँकरचं इंजिन ऐकू येऊ नये. वर्षानुवर्षं तिचे ब्लाऊज मी शिवते, बाईचं मन तसं वाईट नाही. आज मात्र तिनं हात लांब करून आमच्या दाराकडं दाखवलं. निळी उन्हात लखलखत होती.

म्हणाली, सगळ्या गावाच्या गाड्या मातीत लोळत्यात आन मेंबरची आरशावानी. पान्याबिगर निघती व्हय? मी सांगितलं, औषध आहे, फवारायचं. म्हणाली, औषध? गाडीला ताप आलाय का? सगळी रांग हसली. खरं सांगायचं तर मीही हसले.

पण मग ती म्हणाली, "ठराव ह्यांनी करायचा आन पाळायचा आमी. माझ्या म्हशीला पानी न्हाई, हिच्या मोटारीला हाय."

कुणी हसलं नाही यावर. बायका खाली बघत होत्या, म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं. मी घरी येऊन बाटली घेऊन परत गेले, दाखवली. आक्कानं वास घेतला आणि म्हणाली, संत्र्याचं सरबत हाय. दुसऱ्या कुणी हातसुद्धा लावला नाही.

हंडा अर्धाच भरला. ड्रा.सां.ना काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, म्हणजे कळलं होतं.

५ एप्रिल, शनि

सरपंच आले. चहा घेतला, मग बशीत उरलेलाही प्यायले, मग घसा साफ केला. तेव्हाच ओळखलं. रविवारी, तेराला ग्रा.सभा. भागाआक्का म्हणते ठराव मोडा. जीपवाले तिच्यामागं उभे, त्यांना तेच हवंय. मेंबरच पाळत नसेल तर गावानं का पाळावा, असं बोलतात. सरपंचांना कुणाचंच वाईट नको असतं. म्हणाले, तुम्ही असं करा, चार दिस गाडी गोधडीखाली झाकून ठेवा.

मी म्हटलं, झाकायला चोरी केलीय का?

ते गेल्यावर मी फार बडबडले. ठराव मोडला की वरच्या आळीत परत पाइप सुटणार, आमच्या टोकाला परत गाळ, आणि मी जे एकदाच तोंड उघडलं तेही फुकट. राजीनामा देते म्हटलं. विकून टाका ती गाडी म्हटलं. जीभ जळो माझी.

ड्रा.सा. शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "सभेतच पुसतो की. सगळ्यांम्होरं."

हा माणूस! तीन पाहुणे आले तरी बोलत नाही, पाणी द्यायला मला पुढं करतो. तो सभेपुढं उभा राहणार. लग्नात उखाणा घेताना हे पळाले होते, आठवलं, पण म्हटलं नाही.

१० एप्रिल, गुरु

पुसून दाखवायची तर आधी मळायला हवी. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आजच आलं. चार दिवस उगीच काळजीनं चमकवत बसलो होतो, औषधही त्यात गेलं.

दुपारी निळी मुरमाच्या खाणीत नेली. मी शेजारी बसले, डोक्यावरून पदर. ड्रा.सा. स्टिअरिंग धरून नुसते बसून राहिले. म्हणाले, माझ्याच हातानं. मी म्हटलं, चला हो, बाळंतीण नाही ती. मग सुटले! खाणीत गोल गोल, मागं धुळीचा लोट, पुढं काही दिसेना. मी ओरडत होते बास, बास, ते ऐकतच नव्हते. दुसऱ्या चकरेला हसायला लागले. मग मलाही हसू फुटलं ते थांबेचना, उचकी लागली. खाली उतरलो तर दोघंही गुळाच्या ढेपा.

एवढं हसलो नव्हतो कितीतरी वर्षांत. करुणा असती तर म्हणाली असती, तुम्ही दोघं म्हणजे ना.

बाटलीत तळाशीच आहे. ड्रा.सा. सलाइनसारखी उजेडात धरून बघतात. पुरेल म्हणतात. मला नाही वाटत.

१३ एप्रिल, रवि

लिहिताना हात थांबत नाही. पण सरळ लिहिते.

सभा शाळेच्या पटांगणात. निळी मधोमध, अशी मळकी की कमिटीच्या पोरांचे चेहरे पडले, उद्या जयंती. सरपंचांनी प्रस्तावना लांबवली. भागाआक्का थांबली नाही, उठली आणि गाडीखाली वाकून बघितलं, कुठं बादली लपवलीय का. डिकी उघडायला लावली. आत स्टेपनी आणि करुणाची जुनी चप्पल.

मग ड्रा.सा. पुढं झाले. बोलले काहीच नाहीत. पांढरा शर्ट, बाह्या वर. पिसाच्या झाडणीनं धूळ उडवली, डाव्या बाजूनं सुरुवात, कारखान्यावर लागलेली सवय. फवारा, पहिलं फडकं, दुसरं फडकं. त्यांचे हात बघण्यासारखे होते. इतकी वर्षं मी ते हात पहाटे गाडी धुताना कधी बघितलेच नव्हते, ते तिकडं कारखान्यावर आणि मी इथं मशिनवर. बॉनेटच्या डाव्या अंगानं निळा निघाला तशी मागं बसलेली माणसं उभी राहिली.

आक्का म्हणाली, ह्यांचा हात बसलाय, म्या करून बघते. मी चिंधी दिली. आधी गालाला लावून बघितली, अर्थात. आक्का कमरेला पदर खोचून दाराला भिडली. म्हैस घासते तशी घासत होती. ड्रा.सां.चा जीव वर खाली. पण दार निघालं! आक्कानं त्यात वाकून बघितलं, दात काढून हसली आणि म्हणाली, "आगं बया, मीच हाय की."

मग काय, बायकांची रांग लागली. प्रत्येकीला एक वीत पाहिजे. आणि डावी बाजू संपते न संपते तोच बाटली खोकली. परत दाबली. नुसता वारा.

अर्धी गाडी आरसा, अर्धी खाण.

सरपंचांनी घाईघाईनं हात वर करायला सांगितले. ठराव राहिला. जीपवाल्यांचेसुद्धा हात वर, बायकांपुढं करतात काय? आक्काचा हात सगळ्यांत उंच, त्यात माझी चिंधी. घरी येऊन दोन कप चहा प्यायले.

ड्रा.सा. उजवीकडून बघत नाहीत गाडीकडं. डावीकडंच खुर्ची टाकून बसलेत.

१४ एप्रिल, सोम, सकाळ

घाईत लिहितेय. निळे झेंडे लागलेत, फोटोला हार आलाय, विहारात वंदना व्हायचीय.

दार वाजलं. भागाआक्का. डोक्यावर भरलेला हंडा, वरच्या आळीपासून चालत आणलेला. म्हणाली, उरलेली बाजू धुवून घ्या, फोटो ठिवायचा हाय, अर्ध्या अंगानं मिरवनूक कशी काढायची? माझ्या वाट्याचं हाय पानी, मी कुनालाबी दीन. म्हशी तानलेल्या ऱ्हात्याल एक डाव.

ड्रा.सां.नी हंड्याकडं बघितलं. पाणी काठापर्यंत होतं, हलत होतं. मग माझ्याकडं बघितलं. काही मागितलं नाही, देवाशप्पथ नुसतं बघितलं.

मी म्हटलं, "आक्का, काल हात वर केलास ना तू?"

ती म्हणाली, "लई कडू हायेस गं तू." आणि हंडा उतरवून कडुनिंबाखाली ठेवला. म्हणाली, मग मिरवणुकीतल्यांनी प्यावं, उनाची येतील. मी वर फुलपात्र पालथं घातलं. तिचा हात धरला क्षणभर. तिनं सोडवला नाही.

ड्रा.सा. आतून स्वच्छ कपडे घालून आले. जयभीम म्हणाले तिला. आवाजात नाराजी नव्हती. निघते.

१५ एप्रिल, मंगळ

पाय सुजलेत. घसा बसलाय. सगळं अंग आनंदानं दुखतंय.

मिरवणूक वरच्या आळीतून आपल्या टोकापर्यंत. फोटो मागच्या सीटवर उंच, दोन्ही बाजूंनी झेंडूच्या माळा. ड्रा.सा. पहिल्या गिअरमध्ये, ताठ. हॉर्न वाजला की पोरं त्याच्यासारखंच शिंकायची. डाव्या हाताच्या घरांनी बघितली लखलखती गाडी. उजव्या हाताच्या घरांनी...

तेच लिहायचंय. चावडीशी गाडी थांबली तेव्हा गल्लीतल्या कुणीतरी उजव्या दाराच्या धुळीत बोटानं लिहिलं, जयभीम. कुणी ते माहीत नाही, पण अक्षर आमच्या बायकांच्या साक्षरता वर्गातलं, ज रेघेला टेकवून काढलेला. मग दुसरीनं आपलं नाव लिहिलं. मग सगळ्याच! शांता, कमल, हौसा. काहींनी आयुष्यात पाटीशिवाय कशावर नाव लिहिलं नव्हतं, काल मोटारीवर लिहिलं. ड्रा.सां.नी आरशातून बघितलं. मला वाटलं आता उतरून ओरडतात. त्यांनी इंजिन बंद केलं, घाई नको म्हणून.

भागाआक्काला लिहिता येत नाही. ती पुढं आली, थोडी थांबली आणि पुरा पंजा टेकवला. मागच्या चाकाच्या वर. बोटं पसरून.

कडुनिंबाखालचा हंडा तोवर कोरडा झाला होता. आक्कानं तो पालथा करून बघितला आणि खूश होऊन घेऊन गेली.

२७ एप्रिल, रवि

करुणा आली काल. ड्रा.सा. तिला आणायला स्टँडवर चालत गेले! मोटार दारात असताना! मिरवणुकीपासून निळी जागची हललेली नाही. नावं वाऱ्यानं उडतील म्हणतात. रात्री उजव्या बाजूला माझी जुनी चादर पांघरतात, चिमटे लावून. डावी बाजू मात्र रोज पुसतात, कोरड्या फडक्यानं.

लेकीनं नवी बाटली आणलीय. तशीच, केशरी, भरलेली. दादा, आता उरलेली बाजू करून टाकू, म्हणाली. तिला वाटलं बाप उड्या मारेल.

ड्रा.सां.नी बाटली घेतली. उजव्या दाराशी गेले. चादर काढली. फडकं खांद्यावर होतं. शांता, कमल, हौसा, आक्काचा पंजा, सगळं वाचलं परत, ओठ हलवत. बोट पिचकारीवर होतं.

मग घरात आले आणि बाटली फळीवर ठेवली, फोटोच्या खाली. जेवायला बसले. मला विचारलं, "मेंबर, काय करायचं म्हनता?"

मी म्हटलं, माझा ठराव पाण्यापुरता आहे. हे तुमचं तुम्ही ठरवा. आणि त्यांच्या ताटात अजून एक भाकरी टाकली.